धम्मशीलाबाई खुर्चीवर बसतात

बर्मिंगहॅमच्या अकरा नंबरच्या बसमध्ये बसलात, की ती सगळ्या शहराला प्रदक्षिणा घालून तुम्हाला पुन्हा जिथल्या तिथे आणून सोडते. निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी धम्मशीला रामटेके यांनी ही प्रदक्षिणा निदान वीस वेळा घातली. कुठे जायचं नव्हतं. बसायला जागा हवी होती, एवढंच.

आता कुणी म्हणेल, घर नव्हतं का बाईंना? होतं की! तीन बेडरूमचं, मागे बागेचा तुकडा, आणि पुढच्या खोलीत सोफ्यावर यजमान, म्हणजे सुभाषराव. जगात कुठे ना कुठे क्रिकेट चालूच असतं आणि सुभाषराव ते बघतच असतात. पण घरात बाई टेकल्या रे टेकल्या, की ओटा हाक मारायचा, धुण्याचं मशीन शिट्टी घालायचं. रविवारी विहारात जावं, तर तिथे बाईच महिला मंडळाच्या अध्यक्ष. वंदना संपते न संपते तोच कुणीतरी विचारायचं, "ताई, पुऱ्या किती लाटायच्या?" बाजारातल्या कॉफीशॉपात जावं, तर कपात दोन घोट शिल्लक असतानाच एखादी पोरगी फडकं घेऊन टेबल पुसायला हजर. आधी नागपूरला सरकारी दवाखान्यात, मग दोन हजार दोनपासून इथे डिस्ट्रिक्ट नर्स म्हणून घरोघरी, असं त्रेचाळीस वर्षं बाईंनी उभ्यानं आयुष्य काढलं होतं. आता चार माणसांत नुसतं बसावं, कुणाचं बीपी न बघता, कुणासाठी काही न लाटता, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि बायकांची ही एवढीशी इच्छा पुरी करणारी जागा भूतलावर नाही, हे त्यांना एकोणसत्तराव्या वर्षी कळलं.

जागा होती. घरापासून चालत सात मिनिटांवर, टायरवाल्याच्या आणि लाँड्रीच्या मधोमध. हिरवा, रंग उडालेला दरवाजा, खिडकीला अर्ध्यापर्यंत जाळीचा पडदा. आत दहाबारा लाकडी टेबलं, भिंतीवर सायप्रसमधल्या एका खेड्याचा पिवळा पडलेला फोटो, आणि त्या खेड्यातून साठ वर्षांपूर्वी इकडे आलेले ग्रीक म्हातारे. याला ते कॅफेनिओ म्हणतात. सोंगट्या आपटाव्यात, जोरजोरात भांडावं, आणि एका कपावर सकाळची दुपार करावी. तिथे कुणी फडकं घेऊन येत नाही.

या जागेची महती बाईंना अँड्रीआसने सांगितली होती. अँड्रीआस त्यांचा जुना पेशंट. पायाची जखम काही केल्या भरेना, म्हणून बाई त्याच्या घरी आठवड्यातून दोनदा पट्टी बदलायला जात. पट्टी सोडताना दुखू नये म्हणून तो गावाकडचं बोलत बसायचा. गावात टपाल कॅफेनिओतच यायचं. मास्तर तिथेच पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा, म्हणजे निरक्षरालाही जगाची खबर. सोयरिकी तिथे जुळायच्या, बांधाची भांडणं तिथे मिटायची, आणि मिटली की नवी तिथेच सुरू व्हायची. "चर्च देवासाठी, सिस्टर," तो म्हणायचा, "कॅफेनिओ माणसांसाठी. ज्याला तिथे खुर्ची, तो गावचा."

बाईंना हे ऐकून आपली वस्ती आठवायची. तिथेही वडील विहाराच्या पायरीवर बसून पेपर वाचून दाखवत आणि तीस माणसं कान टवकारून ऐकत. फक्त खुर्च्या नव्हत्या.

आता गंमत बघा. या कॅफेनिओत रामटेक्यांच्या घरातून पहिली खुर्ची कुणाला मिळाली असेल? सुभाषरावांना! पोस्टमननं कॅफेनिओचं एक पाकीट चुकून यांच्या दारात टाकलं. ते परत द्यायला सुभाषराव स्लीपर घालून गेले आणि आले पाऊण तासानं.

"काहून इतका उशीर?" बाईंनी विचारलं.

"अगं, आत पाऊल टाकलं तर एकानं खुर्ची ओढली, दुसऱ्यानं बोट वर केलं, आणि आली कॉफी समोर! छान चिनी मातीचा कप, सोबत पाण्याचा ग्लास. मी म्हटलं नको नको, तर रागावलेच ते. त्यांच्यात म्हणे रिवाज आहे. नवीन माणूस आत आला की आधी बसलेल्यानं त्याला पाजायचं. केरास्मा का कायसं म्हणतात. नाही म्हणायचं नाही."

"आणि तुम्ही प्यायलात?"

"प्यालो की. कडूजहर होती."

ज्या माणसाला चहाशिवाय काही चालत नाही, त्याला बसल्या बसल्या मान मिळाला. बाई त्या रात्री जेवताना दोनदा म्हणाल्या, "चिनी मातीचा कप!" सुभाषरावांना वाटलं, बायकोला नवा टी-सेट हवाय.

दुसऱ्याच आठवड्यात बाई स्वतः गेल्या. आत शिरल्या आणि सोंगट्या थांबल्या. त्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्यांनी कधी ना कधी इंजेक्शन टोचलेलं; सगळे ओळखीचं हसले. गल्ल्यामागे पानिकोस, म्हणजे मालक, गडबडून उठला. "सिस्टर! या, या!" त्यानं झटपट कॉफी केली, कागदी कपात ओतली, वर झाकण दाबलं, काउंटरला वळसा घालून आला, कप बाईंच्या हातात दिला आणि त्यांच्यासाठी दरवाजा उघडून धरला. "सांभाळून हं. गरम आहे."

त्याच्या मनात काही पाप नव्हतं, हे सांगायला हवं. बाईमाणसाला या पुरुषांच्या गोंगाटात उभं करू नये, हीच त्याच्या लेखी सभ्यता. पैसेसुद्धा घेतले नाहीत. पण धम्मशीलाबाई बाहेर येऊन बस स्टॉपच्या बाकावर बसल्या आणि झाकण लावलेल्या कपाकडे बघत राहिल्या. ग्रीक कॉफीचा गाळ खाली बसू द्यावा लागतो, मग वरची कॉफी प्यायची असते. झाकणाच्या भोकातून ते कुठलं जमायला? दुसऱ्याच घोटाला तोंडात नुसता चोथा.

पण दुखणं गाळाचं नव्हतं. भंडाऱ्याजवळच्या त्यांच्या गावी चहाच्या टपरीवर वडिलांची कपबशी वेगळी असायची. छपराच्या वळचणीला खोचलेली. आपणच काढायची, बाहेर उभं राहून प्यायची, आपणच विसळायची आणि पुन्हा खोचायची. वडील पुढे शिकले, नागपूरला आले, पण टपरीवरचा चहा त्यांनी मरेपर्यंत घेतला नाही. त्यांची लेक सातासमुद्रापार येऊन, सिस्टर म्हणून पेन्शन घेऊन, बाहेरच्या बाकावर कागदी कप धरून बसली होती! बाईंना संताप आला. संताप म्हणजे अगदी तळपायाची आग मस्तकात.

संध्याकाळी लीड्सहून मुलाचा फोन आला. सम्यक इथेच वाढलेला, वकील, आणि मराठी बोलायला लागला की त्याची लिंगं-वचनं आपापल्या वाटेनं जातात.

"आई, इक्वालिटी ॲक्ट आहे ना! मी एक स्ट्राँग ईमेल लिहितो, त्याचा कॉपी कौन्सिलला. दोन वीक्समध्ये तुला खुर्ची मिळेल."

"कायदा आहेच रे शेवटी," बाई म्हणाल्या. "कायदा आपल्याच माणसानं शिकवलाय आपल्याला. पण नोटीस पाठवून खुर्ची मिळेल, शेजारी बसणारा नाही मिळायचा. मला रिकाम्या टेबलावर नाही बसायचं. आधी मी बोलून बघते."

"मॉम, ते लोक चेंज होणार नाही."

"बघू. घोडामैदान जवळच आहे."

त्या बोलायला गेल्या. या वेळी कागदी कप घेतला नाही. काउंटरला हात टेकून सरळ सांगितलं, मला बसायचंय. मग कोपऱ्यातून लोइझोस बोलला. लोइझोस म्हणजे कॅफेनिओचा चालताबोलता कायदा. निवृत्त शिंपी, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. कुणी कुणाला आधी पाजायचं, पेपर आधी कुणी वाचायचा, सगळे रिवाज त्याला तोंडपाठ, आणि कुणी मोडला तर तो आठवडाभर बोलायचा नाही.

"सिस्टर, आमचा तुमच्यावर राग नाही," तो म्हणाला. "पण गावात शंभर वर्षं बाई कॅफेनिओत बसली नाही. रिवाज म्हणजे रिवाज."

पानिकोसला वाईट वाटलं. त्यानं तोडगा काढला. "असं करू या ना! दर गुरुवारी तुम्ही बीपीचं मशीन घेऊन या. दाराजवळ तुम्हाला स्वतंत्र टेबल देतो. खुर्ची पण. सगळ्यांचं बीपी बघा. सगळेच खूश!"

चांगली सोय होती. दुसरी कुणी असती तर हो म्हणाली असती, आणि हळूहळू दाराजवळून आत सरकली असती. आवळा देऊन कोहळा काढायची हीच रीत. पण बाईंच्या डोळ्यांसमोर तो गुरुवार उभा राहिला. दंडाला पट्टा बांधा, हवा भरा, मीठ कमी खा म्हणून सांगा. म्हणजे पुन्हा ड्युटी.

"नाही," त्या म्हणाल्या. "कामाला खुर्ची सगळेच देतात. मला बिनकामाची हवी."

आणि निघाल्या. दारातून जाताना त्यांना मागच्या मोरीशी कप विसळणारी बाई दिसली. पानिकोसची बायको, अँड्रूला. हात साबणात, पण नळ बंद. ती सगळं ऐकत होती.

पुढचे दोन महिने बाई त्या रस्त्यानं गेल्याच नाहीत. सुभाषराव म्हणायचे, "जाऊ दे गं, मी करून देतो कॉफी." बाई म्हणायच्या, "कॉफीचं नाहीच आहे हो ते." आणि ऑक्टोबर उजाडला. विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी सुरू झाली, बाईंनी कपाटातून पांढरी साडी काढली, इस्त्री करायला घेतली, आणि इस्त्री हातात असतानाच त्यांना अँड्रीआसचा पाय आठवला.

काही वर्षांपूर्वीचा तीस नोव्हेंबर होता तो. पायाला जखम, बाहेर बर्फ, आणि अँड्रीआस हट्टाला पेटलेला की आज कॅफेनिओत जाणारच. का? तर आज संत अँड्रीआसचा दिवस, म्हणजे त्याच्या नावाचा दिवस. ग्रीकांत वाढदिवसापेक्षा नावाच्या दिवसाला मान. ज्याच्या नावाचा दिवस, त्यानं सगळ्यांना पाजायचं. ते नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. आणि पाजणारा तिथे हजर हवा, बसलेला हवा. त्याला शुभेच्छा दिल्याशिवाय कुणी कपाला ओठ लावायचा नाही. "यजमान उभा आणि पाहुणे बसलेले, असं कुठे असतं का, सिस्टर?" अँड्रीआस म्हणाला होता. बाईंनी त्याला दुहेरी पट्टी बांधून स्वतःच्या गाडीनं नेऊन सोडलं होतं, दारापर्यंत.

साडी थोडीशी भाजली. बाईंना पर्वा नव्हती.

मंगळवारी, चौदा ऑक्टोबरला, सकाळी विहारात वंदना झाली. दुपारी तीन वाजता, पांढऱ्या साडीवर निळा कोट घालून, धम्मशीलाबाईंनी हिरवा दरवाजा ढकलला. चौदा माणसं होती. सोंगट्या थांबल्या. पानिकोसचा हात सवयीनं कागदी कपांकडे गेला.

"ते ठेवा," बाई म्हणाल्या. वॉर्डात शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाल्या, "आज माझ्या नावाचा दिवस आहे. सगळ्यांना माझ्याकडून कॉफी."

मग लोइझोसनं चष्मा काढला. "माफ करा, सिस्टर. पण धम्मशीला नावाची संत आमच्या पंचांगात नाही."

"नसेलच," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे संताचा दिवस नसतो. आमच्या लाखो लोकांचा मिळून एकच दिवस असतो. एकोणीसशे छप्पन साली, आजच्या तारखेला, नागपूरच्या मैदानावर माझे वडील आणि आई इतरांसोबत उभे राहिले आणि बौद्ध झाले. मी आईच्या कडेवर, सात महिन्यांची. तोपर्यंत माझं नाव कचरी होतं. कचरी म्हणजे केर. झाडून बाहेर टाकतात तो. आमच्या मुलांना चांगलं नाव ठेवलेलं गावाला खपत नसे. त्या दिवशी घरी येऊन वडिलांनी ते नाव पुसलं आणि मला धम्मशीला म्हणाले. तुमच्या सगळ्यांची नावं संतांची आहेत. माझं माझ्या वडिलांनी मिळवलेलं आहे. आता सांगा, हा नावाचा दिवस आहे की नाही?"

त्यांचा आवाज शेवटी जरा फुटला. तो त्यांनी लपवला नाही.

मग अँड्रीआसनं काठी जमिनीवर आपटली. "पानिकोस! माझी मध्यम गोड."

एकानं घेतली की संपलं. पाठोपाठ दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला, आणि तेरा कॉफ्या झाल्या. उरला लोइझोस. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. बिचारा स्वतःच्याच पंचांगात सापडला होता! नाही म्हणावं तर सत्तर वर्षं सांभाळलेला रिवाज मोडतो. हो म्हणावं तर तोच रिवाज पुढचं पाऊल मागतो, आणि पुढचं पाऊल काय ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं वरचं बटण चाचपलं. उठला. शेजारच्या टेबलाची खुर्ची घेतली, रुमालानं झटकली, आपल्या टेबलाशी आणून ठेवली.

"यजमान उभा असताना," तो जरा घुश्शातच म्हणाला, "मला कॉफी पिता येत नाही."

धम्मशीलाबाई बसल्या. कोट काढून, पदर सावरून, पाठ टेकून.

पानिकोस टेबलाजवळ आला आणि चाचरला. ही कॉफी उकळायच्या आधीच साखर घालावी लागते, म्हणून बसणाऱ्या प्रत्येकाची साखर त्याला पाठ असते. नव्या माणसाला तो एकदाच विचारतो, मग जन्मात विचारत नाही. "तुमची कशी, सिस्टर?"

"मध्यम गोड."

पंधरा कप आले. चौदा म्हाताऱ्यांनी कप उचलले आणि "ख्रोन्या पोल्ला!" असा गजर केला, म्हणजे उदंड आयुष्य लाभो. आरोळी इतकी मोठी की टायरवाला डोकावून गेला. बाईंनी गाळ बसू दिला, मग पहिला घोट घेतला. कडूजहर! सुभाषराव खोटं बोलले नव्हते. बाईंनी तो घोट जिभेवर घोळवून घोळवून गिळला.

"पण नावाचा दिवस वर्षातून एकदाच येतो, सिस्टर," लोइझोसनं कपाआडून सुनावलं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "पण ज्यानं पाजलं त्याला परत पाजल्याशिवाय तुमच्यात राहवतं का?"

अँड्रीआस ठसका लागेपर्यंत हसला. "चौदा जण आहोत, लोइझोस! आणि एका दिवशी एकानंच पाजायचं, हा नियम तुझाच!"

लोइझोसनं कप खाली ठेवला. "उद्या मी," तो म्हणाला. "पहिला मान माझा. मी वयानं मोठा आहे." आणि त्याच्या मिशीखाली हसू होतं, हे बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

तेवढ्यात मागून अँड्रूला बाहेर आली. एप्रन तसाच, हात ओले. तिनं बाईंना दोन्ही गालांवर पापे देऊन शुभेच्छा दिल्या आणि परत वळली.

"अहो, कुठे चाललात?" बाई म्हणाल्या. "सगळ्यांना माझ्याकडून कॉफी म्हटलं मी. सगळ्यांत तुम्ही नाही का?"

अँड्रूलानं नवऱ्याकडे पाहिलं नाही, लोइझोसकडे पाहिलं नाही. जवळची एक खुर्ची ओढली आणि बसली. पानिकोस मुकाट्यानं चुलीकडे गेला, भांड्यात पाणी घातलं, कॉफी घातली, साखरेचा चमचा भरला, आणि चमचा हातातच राहिला. सदतीस वर्षांत त्यानं सगळ्या गावाला कॉफी पाजली होती. त्यानं हळूच मागे वळून पाहिलं.

"तुझी... कशी?"

"बिनसाखरेची," अँड्रूला म्हणाली. "आणि फेस वर येऊ दे. घाई करू नकोस."

त्यानं घाई केली नाही. सगळं कॅफेनिओ त्या एका कपाची वाट बघत थांबलं.

साडेपाचला बाईंच्या पर्समधला फोन वाजला. सुभाषराव होते, जरा काळजीतच. "अगं, कुठे आहेस?"

"कॅफेनिओत."

"आत? काय करतेयस?"

बाईंनी भोवती पाहिलं. अँड्रीआस सोंगट्या आपटत होता. लोइझोस पेपरातली बातमी मोठ्यानं वाचून दाखवत होता आणि दोघं त्याच्याशी भांडत होते. अँड्रूलानं चपला काढून पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले होते.

"काही नाही," धम्मशीलाबाई म्हणाल्या.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही हो. बसलेय."